खुलणारा रंग

सार्थकचं लग्न ठरलं, आणि पुष्पाच्या डोक्यात पहिला विचार आला तो श्रेयाच्या साडीचा.

नवरदेवाची आई म्हणून तिला काळज्या काय कमी होत्या? मांडव, आचारी, मानपान, निरगुडसरच्या भावकीतली रुसून बसणारी माणसं. पण तिचं मन फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. श्रेया सार्थकपेक्षा दोन वर्षांनी थोरली. शिकलेली, मंचरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. सावळी, ठसठशीत, लांब केसांची. आणि बारावीच्या वर्षापासून अंगावर कोड. आधी उजव्या हाताच्या बोटांवर आलं, मग मानेवर, मग डाव्या डोळ्याभोवती आणि हनुवटीच्या कडेला. डॉक्टर झाले, मलमं झाली, पुण्याला जाऊन मशीनचा उजेड घेऊन झाला. वाढायचं थांबलं, पण आलेलं गेलं नाही. श्रेयाला पाहायला आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. शेवटी तिनंच घरात सांगितलं, "माझ्यासाठी सार्थकला अडवून ठेवू नका. त्याचं करून टाका."

एवढ्या वर्षांत पुष्पानं एक विद्या आपल्या आपण कमावली होती. पोरीच्या अंगावर काय घातलं की डाग कमी दिसतात, हे तिला दुकानात कापड हातात घेताच कळायचं. बिस्किटी, मोतिया, पिकल्या पेरूसारखा फिका पिवळा. श्रेयाचे सगळे ड्रेस तीच आणायची. "तुला फिकटच शोभतं," म्हणायची. गाडीवर निघताना श्रेया तोंडाला स्कार्फ बांधायची, लॅबमध्ये हातमोजे असायचे, आणि उरलेलं काम फिकट रंग करायचे. पुष्पाला वाटायचं, आपण पोरीला सांभाळून नेतोय.

सार्थकसाठी बेल्ह्याचं स्थळ आलं तेव्हा मात्र नुसत्या रंगानं भागणार नव्हतं. मुलीकडचे घर बघायला येणार त्या दिवशी पुष्पानं श्रेयाला सकाळीच सांगितलं, "महाळुंग्याच्या मावशीला लई ताप हाय म्हणं. तू दोन दिस जाऊन ये." सोमनाथ, तिचा नवरा, गोठ्याच्या दारात उभा होता. "कशाला पाठवतीस? असू दी की घरात," तो म्हणाला, पण पुढं बोलला नाही. श्रेयानं पिशवी भरली आणि ती महाळुंगे पडवळला निघून गेली. पुढं साखरपुड्याला तिला लॅबमधून सुट्टी मिळाली नाही, असं पुष्पानं बेल्हेकरांना सांगून टाकलं.

पण लग्नात करवली लपवता येत नाही. नवरदेवाच्या मागं उभी राहायला बहीण लागतेच. म्हणून बस्त्याच्या आधी, म्हणजे दोन्ही घरची माणसं मिळून लग्नाचे कपडे घ्यायला जायच्या आधी, श्रेयाचा रंग पक्का करून ठेवायचा, असं पुष्पानं ठरवलं. रंग ठरला की साडी तीच घेऊन येणार होती. श्रेयानं बस्त्याला यायची गरजच पडणार नव्हती.

मंचरला एस.टी. स्टँडच्या मागं वृषाली नावाची बाई चेहऱ्याला कापडं लावून शोभणारे रंग सांगते, हे तिला शेजारच्या तानूबाईकडून कळलं. तानूबाईची सून तिथं जाऊन आली होती. लॅबच्या सुट्टीच्या दिवशी दोघी मायलेकी जिना चढून वर गेल्या.

खोली साधी होती. मोठी खिडकी, खिडकीसमोर आरसा, एका दांडीवर कापडाचे तुकडे ओळीनं लावलेले. वृषाली पस्तिशीची, हसऱ्या तोंडाची. पुण्यात हे शिकून आली होती. तिनं श्रेयाला तोंड धुवायला लावलं, केसांवर पांढरं फडकं बांधलं आणि अंगाभोवती पांढरं कापड गुंडाळलं. सगळं झाकलं गेल्यावर आरशात उरला तो नुसता चेहरा. पुष्पानं नजर खिडकीकडं वळवली.

"ट्यूब नाही का लावायची?" श्रेयानं विचारलं.

"नको. ट्यूबच्या उजेडात रंग खोटं बोलतात," वृषाली म्हणाली. "हे बघा काकू, माणसाच्या कातडीत, डोळ्यांत, केसांत एक जात असते. कुणाची पिवळसर, उबदार. कुणाची निळसर, थंड. कुणाचे रंग मवाळ, कुणाचे ठसठशीत. त्यावरून चार गट पाडतात आणि त्यांना ऋतूंची नावं देतात. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर."

"मग ही उन्हाळ्यातली का हिवाळ्यातली?" पुष्पानं विचारलं.

वृषाली हसली. "नावं तिकडच्या ऋतूंवरून पडलीत. तिकडचा उन्हाळा मऊ, धुकट. आपला एप्रिल डोक्यात धरला तर सगळा घोळ होईल. तुम्ही नाव सोडा, फक्त चेहरा बघा."

"ताई, चेहऱ्याचं ऱ्हाऊ द्या," पुष्पा घाईनं म्हणाली. "डाग कशात दिसत न्हाईत, तेवढं सांगा. लग्न हाय घरात."

श्रेया आरशाकडं बघत राहिली. वृषालीनं दांडीवरचं एक कापड सरळ केलं.

"खरं सांगू का काकू? कोड असलेल्या चेहऱ्याला कसं बघायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला नक्की येईल असं मी म्हणणार नाही. पण कापड लावून बघू. काय होतंय ते तिघींनाही दिसेल." मग तिनं श्रेयाला विचारलं, "चालेल ना तुला?"

"चालेल."

आधी तिनं मेंदीच्या रंगाचं कापड श्रेयाच्या हनुवटीखाली धरलं. चेहरा पिवळट दिसायला लागला, जागरण झाल्यासारखा. ते काढून राणी रंगाचं लावलं, तसा तोच चेहरा धुतल्यासारखा झाला. चटणी रंग लावला, पुन्हा मळभ. गडद निळा लावला, पुन्हा लख्ख. कापडं बदलत होती आणि पोरगी तीच होती, तरी दर वेळी वेगळीच कुणी समोर येऊन बसतेय असं पुष्पाला वाटत होतं.

"थंड आणि गडद," वृषाली पुटपुटली. "आता काकूंचा रंग बघू." तिनं बिस्किटी कापड काढलं.

पुष्पा पुढं सरकली. बिस्किटी रंगात डोळ्याभोवतीचा पांढरा डाग खरोखरच विरल्यासारखा झाला. हनुवटीची कड तर शोधावी लागली. "हेच!" पुष्पा म्हणाली. "बघा, मी म्हणत न्हवते?"

"डाग गेले," वृषाली शांतपणे म्हणाली. "आता बाकीचं बघा. डोळे कुठं गेले? ओठ कुठं गेले?"

पुष्पानं बघितलं. डाग जसे विरले होते तशीच श्रेयाही विरली होती. आजारातून उठलेल्या माणसासारखा निस्तेज चेहरा. गेली कित्येक वर्षं घरात हाच चेहरा ती बघत आली होती आणि पोरगी मुळातच अशी मलूल आहे, असं समजत होती.

मग वृषालीनं दांडीच्या टोकाचं कापड ओढलं. गडद जांभळं, पिकून काळं पडायला आलेल्या जांभळासारखं. ते लावताच श्रेयाचे डोळे चमकून उठले. सावळा रंग तुकतुकीत झाला, भुवया रेखल्यासारख्या दिसल्या. आणि डागही दिसले. डोळ्याभोवतीची पांढरी कड, मानेवरचा डाग, हनुवटीचा कोपरा, सगळं स्वच्छ, उघडं.

 खाली स्टँडवर गाडी लागल्याची आरोळी ऐकू आली.

श्रेया आरशाच्या जवळ सरकली. हनुवटी डावीकडं केली, उजवीकडं केली. "हा रंग मला कधी कुणी लावूनच दाखवला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे एवढंच आहे," वृषाली म्हणाली. "एका रंगात डाग झाकले जातात, पण त्यांच्याबरोबर तूही झाकली जातेस. दुसऱ्यात तू खुलतेस, आणि तेही खुलतात. दोन्ही मिळत नाही. काय घ्यायचं ते मी सांगू शकत नाही. ते तुझं आहे."

"बिस्किटीच," पुष्पा म्हणाली. "लग्नात चार लोक येत्यात."

श्रेयानं केसांवरचं फडकं सोडलं. "तुला पाहिजे ते घे," ती आईला म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

परत येताना गाडीवर पुष्पा मागून बोलत राहिली. "लग्नापुरतं गं. येकदा लग्न पार पडू दी."

"आणि मोनाली घरात आल्यावर?" श्रेयानं समोर बघतच विचारलं. मोनाली म्हणजे होणारी वहिनी. "रोज बिस्किटी घालून भाकरी थापू का?"

 आजूबाजूला बटाट्याची काढणी चालली होती, बायका गोण्या भरत होत्या. एकीनं हात वर केला. श्रेयानं हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढं नेली.

बस्ता नारायणगावात होता, दोन्ही घरांना मधलं पडावं म्हणून. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या, त्यावर साड्यांचे ढीग. इकडून पुष्पा, सोमनाथ आणि सार्थक; बेल्ह्याहून मोनाली, तिचे वडील बाळासाहेब, तिची आई आणि लंकाबाई नावाची आत्या आली होती. बैलबाजारातल्या व्यापाऱ्यांच्या घरात नांदलेली लंकाबाई माल पारखून घ्यायची, आणि मनात येईल ते बोलून मोकळी व्हायची. शालू ठरायला बराच वेळ गेला. मोनालीनं शेवटी आमसुली रंग धरला आणि सार्थकच्या तोंडाकडं बघितलं. तो लाजून फेटे बघायला गेला. सगळे हसले. पुष्पाही हसली. आजचा दिवस नीट जाणार, असं तिला वाटायला लागलं.

"आता करवलीची काढा," लंकाबाई म्हणाली. "पोरगी कुठाय तुमची?"

"लॅबमधी डूटी हाय तिची. मीच घेते," पुष्पा म्हणाली. "दादा, बिस्किटीमधी दाखवा."

"बिस्किटी?" लंकाबाईनं नाक मुरडलं. "घरातलं पयलं लगीन, आन् करवलीनं असलं मेलेलं नेसायचं? व्हय वो इहीणबाई, पोरगी काय सोन्याची हाय का, कवाच दिसत न्हाई ती? साखरपुड्याला न्हाई, आज न्हाई."

पुष्पा काही तरी बोलणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. श्रेया वर आली. लॅबमधून तशीच आली असावी. केस मागं बांधलेले, चेहरा उघडा, हातात मोजे नाहीत. 

"मी श्रेया. सार्थकची बहीण," ती म्हणाली आणि लंकाबाईच्या, मोनालीच्या आईच्या पाया पडली. मग गादीवर मांडी घालून बसली आणि सेल्समनला म्हणाली, "दादा, जांभळ्यात दाखवा. अगदी गडद. काठ चंदेरी असला तर बरं."

सेल्समननं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पुष्पाकडं, आणि मुकाट्यानं साडी काढली. श्रेयानं पदर खांद्यावर घेतला. मंचरच्या खोलीत झालं होतं तेच इथं झालं. तिचा चेहरा उजळून आला आणि डाग सगळ्यांच्या पुढ्यात आले. मोनालीच्या आईनं पटकन खाली बघितलं.

"कोड हाय का गं?" लंकाबाईनं विचारलं.

"हो आत्या. बारावीपासून."

"वाढतंय?"

"नाही. थांबलंय."

लंकाबाईनं मान हलवली. ती आणखी काही विचारणार होती, पण बाळासाहेब उठले होते. "सोमनाथराव, जरा येता का?" ते म्हणाले आणि जिन्याकडं गेले. सोमनाथ मागोमाग गेला. पुष्पाही उठली. 

जिन्याच्या वळणावर बाळासाहेब हळू आवाजात बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तो आवाज ऐकून पुष्पाला वाटलं.

"डागाचं म्हणत न्हाई मी. डाग कुणाच्याबी घरात येत्यात. पर मी तुमच्या घरी येऊन गेलो, तुमी माझ्या दारात मांडवात बसला, आन् घरातलं माणूस दडवलं? मी पोरगी देतोय. आजून काय दडवलंय, हे मी कसं समजायचं?"

सोमनाथ मान खाली घालून उभा होता. आपण नको म्हटलं होतं, हे तो सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही.

"पावणं," पुष्पा पुढं झाली. "ह्यांना बोलू नका. ह्ये नको म्हणत व्हते. मी दडवली."

"का पण?"

का? या प्रश्नाची उत्तरं तिच्याजवळ तयार होती. लोक काय म्हणतील, स्थळ मोडेल, पोराचं नुकसान होईल. ती तिनं मनाशी कितीदा घोकली होती. पण तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"लोकं तिच्या तोंडाकडं बघत्यात ना, ते मला बघवत न्हाई. तिला सवय झालीया. मला न्हाई झाली. कोड चिकटत न्हाई, त्यानं काय व्हत न्हाई, ह्ये डाक्टरनं मला धा येळा सांगितलंया. तरी मीच तिला फिकं घालून घालून..."  पोरीला सांभाळतोय म्हणून इतकी वर्षं आपण सांभाळत होतो ते आपल्यालाच, हे तिला तिथं, त्या जिन्यावर, परक्या माणसासमोर बोलता बोलता कळलं. "तुमाला फसवायचं म्हणून न्हाई केलं. पर फसवणूक झाली ती झालीच. चूक माझी हाय."

मागं मोनाली येऊन उभी होती. "पप्पा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "सार्थकनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ताईंशी मी फोनवर बोलत असते. आज या म्हणून मीच सांगितलं त्यांना."

बाळासाहेबांनी लेकीकडं बघितलं, मग सार्थककडं. तो वरच्या पायरीवर फेटा हातात धरून उभा होता. "म्हंजी मला येकट्यालाच म्हाईत न्हवतं," ते म्हणाले. "चांगलंय." आणि ते जिना उतरून रस्त्यावर निघून गेले.

 वर सेल्समन उगाच साड्यांच्या घड्या घालत बसला. खिडकीतून खाली बाळासाहेब दिसत होते. चहाच्या गाड्याजवळ एकटेच उभे, हातात कप, चहा पीत नव्हते. सोमनाथ खाली जायला निघाला, तशी लंकाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याचं डोकं त्याला शांत करू द्या. तुमी गेला तर आजून पेटंल." मग ती श्रेयाकडं वळली. "तुझ्यावर खुलंल ती साडी. पर काठ मोठा घे. तुझ्या उंचीला बारीक काठ न्हाई शोभत."

श्रेयानं मोठा काठ घेतला. पुष्पानं तिच्याकडं बघितलं, पण श्रेयाची नजर साडीवरच होती.

बऱ्याच वेळानं बाळासाहेब वर आले. "राहिलेलं उरका," एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. बस्ता पुरा झाला. नंतर सगळे जेवायला हॉटेलात गेले, तेव्हा ते काम आहे म्हणून बेल्ह्याला निघून गेले. लग्न मोडलं नाही. पण सोयरीक जुळताना दोन घरांत जे मोकळेपण आलं होतं, ते त्या दिवशी आटलं, आणि ते आपल्यामुळं आटलं हे पुष्पाला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

घरी आल्यावर श्रेया ओट्यावर बसून चपलेचा बंद सोडत होती. पुष्पा तिच्याजवळ बसली.

"मला आधी सांगायचं व्हतंस, येणार हाय म्हणून."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

"न्हाई," पुष्पा म्हणाली. खोटं बोलायचं बळ आता राहिलं नव्हतं.

"साडीचा मला राग नव्हता, आई. कपडे काय, आज हे, उद्या ते. महाळुंग्याला पाठवलंस त्याचा होता. मी घाबरून गेले, मावशीला किती ताप असेल म्हणून. बघते तर ती अंगणात शेंगा फोडत बसलेली. मला बघून ती इतकी ओशाळली, की मीच तिला म्हटलं, मी सहज आलेय." तिनं सोडलेली चप्पल बाजूला ठेवली. "मी काय आहे म्हणून मला घराबाहेर काढलंस?"

 पुष्पानं श्रेयाचा उजवा हात मांडीवर घेतला. बोटांवरचे पांढरे ठिपके एवढ्या जवळून तिनं कैक वर्षांत बघितले नव्हते. मलम लावायची तेव्हा बघायची, पण ते किती वाढलेत हे मोजायला. आता ती नुसती बघत बसली. श्रेयानं थोड्या वेळानं हात काढून घेतला, पण ती उठून गेली नाही.

लग्न फाल्गुनात, नवरदेवाच्या दारातच झालं. जांभळी साडी नेसून श्रेया नवरदेवामागं उभी राहिली आणि लोकांनी बघितलं. बघणारच होते. जेवणाच्या पंगतीत, हळदीकुंकवाच्या वेळी, हात धुताना बायका पुष्पाला बाजूला घेऊन विचारत होत्या, कधीपासून, औषध काय केलं, अमक्या गावच्या वैद्याला दाखवलं का. पहिल्या बाईला उत्तर देताना पुष्पानं अर्ध्यातच विषय बदलला. दुसरीला जरा बरं जमलं. तिसरी सोमनाथची चुलती सरूबाई होती. ती म्हणाली, "झाकायचं व्हतं गं जरा." पुष्पा म्हणाली, "तिला न्हाई झाकायचं, आत्याबाई," आणि हे वाक्य म्हणायला फारसं जड गेलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तरी एक बाई श्रेयाच्या हातून अक्षता न घेता पुढं सरकली, ते पुष्पानं बघितलं. ते पूर्वीसारखंच लागलं. त्यातलं काही कमी झालं नव्हतं.

बाळासाहेब सोमनाथशी कामापुरतं बोलले, पुष्पाशी नाही. बेल्ह्याला परत निघताना मात्र ते श्रेयापुढं येऊन थांबले. "मोनालीला आमच्या उशिरा उठायची सवय हाय," ते म्हणाले. "तेवढं सांभाळून घ्या." बाकी काही नाही. श्रेयानं मान डोलावली.

वऱ्हाड पांगलं, मांडवातल्या खुर्च्या एकात एक चढायला लागल्या. पुष्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, पाय सुजलेले. पलीकडं श्रेया लॅबमधल्या मैत्रिणींबरोबर उशिराच्या पंगतीला बसली होती. पदर कमरेला खोचलेला, तोंडात घास, कशावर तरी मोठ्यानं हसत होती. मधेच तिचं लक्ष गेलं.

"आई, जेवलीस का?" तिनं तिथूनच विचारलं.

"न्हाई अजून."

"मग ये की. जिलेबी संपायला आलीय."

पुष्पा गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तिच्या शेजारच्या पानावर जाऊन बसली.